घामाचा हिशेब : प्रस्तावना

आपल्या शाळांमध्ये गणिताचा भाग मागे पडला की पहिला बळी जातो तो पी.टी.च्या तासाचा. मैदानाकडे निघालेली रांग अर्ध्या वाटेवरून वर्गात परतवली गेली नाही, असा मराठी विद्यार्थी शोधूनही सापडायचा नाही. त्यामुळे बारावी सायन्सनंतर घरातलं पोर ‘मला स्पोर्ट्स सायन्स करायचंय’ म्हणालं की पुढचा प्रश्न ठरलेला : म्हणजे तू पी.टी.चा सर होणार? पी.टी.चा सर होण्यात कमीपणा काही नाही; चांगला सर अख्ख्या गावाची तब्येत सुधारतो. पण या प्रश्नात दोन वेगळ्या विद्यांची गल्लत आहे. ती आधी सोडवली तर हे पुस्तक कोणासाठी आहे तेही कळेल.

पहिली विद्या शारीरिक शिक्षणाची. ती आपल्याकडे जुनी आहे आणि भक्कमही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४चं. त्याच्या पथकाने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. हॅरी क्रो बक यांनी मद्रासला वाय.एम.सी.ए.चं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं ते १९२०मध्ये. ग्वाल्हेरचं लक्ष्मीबाई महाविद्यालय १९५७चं, तर पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ची. बडोद्यात द. चिं. मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत सिद्ध केले. तेवढं काम आज कोणी एकहाती अंगावर घेईल असं मला वाटत नाही. या सगळ्या परंपरेचा रोख एकाच दिशेला होता : व्यायाम शिकवायचा कसा, शिक्षक आणि मार्गदर्शक घडवायचे कसे.

दुसरी विद्या विचारते की व्यायामाने शरीरात नेमकं होतं काय, किती होतं, कोणाच्या शरीरात होतं आणि हे तुम्हाला कशावरून कळलं. विद्यापीठात क्रीडा, व्यायाम आणि पोषण हे तीन शब्द एकत्र आले ते या प्रश्नांपोटी. ब्रिटनमध्ये स्पोर्ट्स सायन्सची पदवी सुरू झाली ती १९७५मध्ये, लिव्हरपूल पॉलिटेक्निकमध्ये. म्हणजे हा अभ्यासक्रम अजून साठीलाही आलेला नाही. आपल्याकडे तर तो आत्ता कुठे रांगतोय. इंफाळच्या राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा २०१८चा. त्यानंतर महाराष्ट्रानेही पुण्यात बालेवाडीला क्रीडा विद्यापीठ उभारण्यासाठी कायदा केला. कायदे झाले, इमारतीही होतील. पण प्रश्न विचारायची सवय कायद्याने लागत नाही. ती लावणं हे या पुस्तकाचं खरं काम, म्हणून त्या सवयीची दोन उदाहरणं जरा सविस्तर सांगतो.

पहिलं उदाहरण लंडनच्या बसचं. जेरी मॉरिस या डॉक्टरला शंका होती की, वाढत्या हृदयविकाराचा संबंध कामाच्या स्वरूपाशी असावा. त्याने दुमजली बसमधली दोन माणसं निवडली, ड्रायव्हर आणि कंडक्टर. दोघे एकाच बसवर, एकाच वर्गातले, पगारातही फार फरक नाही. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर वरच्या मजल्यावर तिकिटं फाडायला दिवसातून ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा. सुमारे ३१,००० कामगारांच्या नोंदी तपासून १९५३मध्ये त्याने ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडला : कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, आणि झालाच तर उशिरा आणि सौम्य होतो.

इथे वर्तमानपत्राची बातमी संपते. विद्यापीठातला अभ्यास मात्र इथून पुढे सुरू होतो. तीन वर्षांनी मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आपल्याच निष्कर्षाला कात्री लावणारा दुसरा लेख छापला. त्यांनी काय तपासलं असेल? बस कंपनीने शिवून दिलेल्या गणवेशांची मापं. ड्रायव्हरांच्या विजारी कमरेला जास्त रुंद निघाल्या, आणि तरुण ड्रायव्हरांच्याही. मग बसून काम केल्याने माणसं जाड झाली आणि हृदयरोगी झाली, की मुळात अंगाने भरलेली माणसंच स्टिअरिंगमागे गेली? कारण कुठलं आणि परिणाम कुठला? या पेचाचं उत्तर शोधण्यासाठी मॉरिस पुढे सरकारी कार्यालयांतल्या नोकरदारांकडे वळला. सगळेच खुर्चीवर बसणारे. त्यांच्यापैकी फावल्या वेळात दमदार व्यायाम करणाऱ्यांची तुलना त्याने बाकीच्यांशी केली, आणि तिथेही व्यायामाचं पारडं जड निघालं. आज आपले डॉक्टर ‘रोज अर्धा तास चाला’ असं जे सांगतात, त्यामागे हा एवढा प्रवास आहे. मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगला. हा मात्र पुरावा नव्हे. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे त्यानेच पहिल्यांदा सांगितलं असतं.

कमरेच्या मापाची ही गोष्ट मी नव्या विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा वर्गात हसू पिकतं. पण जिमच्या भिंतीवरचा प्रत्येक ‘आधी आणि नंतर’चा फोटो पाहताना तीच गोष्ट आठवायला हवी. फोटोतल्या माणसाने पावडर घेतली म्हणून तो बदलला, की व्यायाम करू लागला म्हणून, की रात्रीचं बाहेरचं खाणं सोडलं म्हणून? आणि ज्यांना काहीच फरक पडला नाही त्यांचे फोटो कुठे आहेत?

दुसरं उदाहरण स्वीडनचं, आणि ते आहाराच्या भागाचा पाया आहे. स्नायूत साठवलेल्या साखरेला ग्लायकोजेन म्हणतात. ती किती आहे हे मोजायचं तर जिवंत माणसाच्या स्नायूचा तुकडा हवा. योनास बर्गस्ट्रॉम याने त्यासाठी बायोप्सीची सुई वापरात आणली. मग १९६६च्या प्रयोगासाठी तो आणि एरिक हल्टमन स्वतःच बसले. एकच सायकल, दोन बाजूंना दोघे. प्रत्येकाने एकाच पायाने पेडल मारायचं, दुसरा पाय विश्रांतीला. पाय पार थकल्यावर दोघांनी तीन दिवस भरपूर पिष्टमय अन्न खाल्लं आणि दोन्ही मांड्यांत सुया टोचून घेतल्या. राबलेल्या पायात ग्लायकोजेन दुपटीच्या आसपास साठलं होतं. आराम केलेल्या पायात फारसं काही नाही. माणूस तोच, जेवण तेच, रक्त तेच. अन्न कुठे जाऊन साठायचं हे पायाने केलेल्या मेहनतीवर ठरलं.

एवढ्या एका प्रयोगातून कळतं की व्यायाम आणि आहार हे वेगळे विषय म्हणून शिकवता येत नाहीत. गृहविज्ञानाच्या इमारतीत आहारशास्त्र आणि मैदानाच्या कडेच्या पत्र्याच्या खोलीत शारीरिक शिक्षण, ही आपली जुनी वाटणी शास्त्राला धरून नाही. मॅरेथॉनच्या आदल्या दिवशी भात-बटाट्यावर ताव मारणारा धावपटू त्या दोन स्वीडिश मांड्यांचं देणं लागतो.

आता आपल्याकडे वळू. कोल्हापूरच्या तालमीत खुराक म्हणजे दूध, बदाम, तूप, थंडाई, आणि परवडेल त्याला मटण. शहरी आहारतज्ज्ञ या खुराकाकडे बघून नाक मुरडतात, तर तालमीतले वस्ताद आहारतज्ज्ञाच्या तक्त्याकडे बघून हसतात. दोघांनीही एकदा हिशेब मांडावा. साध्या प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात, असं आपल्याकडची आयसीएमआरची शिफारस सांगते. कसून मेहनत करणाऱ्या खेळाडूसाठी आंतरराष्ट्रीय शिफारस १.२ ते २ ग्रॅमची आहे. म्हणजे ६० किलोच्या पैलवानाला ७२ ते १२० ग्रॅम. लिटरभर दुधातून साधारण ३२ ग्रॅम मिळतात, १०० ग्रॅम शेंगदाण्यांतून २५, दोन अंड्यांतून १२. झाले ६९. उरलेली भर भाकरी, डाळ आणि उसळ सहज घालतात. पाच हजार रुपयांचा प्रोटीन पावडरचा डबा यात कुठे बसतो? काहींच्या बाबतीत बसतो : सतत प्रवासात असलेला, दूध न पचणारा, अंडी न खाणारा खेळाडू. बाकीच्यांसाठी तो डबा म्हणजे महागडं दूध. शिवाय त्यात लेबलवर नसलेलं काही मिसळलेलं निघालं तर उत्तेजक चाचणीत अडकतो तो खेळाडू. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, हा नियमच आहे.

वस्तादांचा हिशेबही मात्र जसाच्या तसा चालत नाही. तो खुराक दिवसभर जोर-बैठका काढणाऱ्या, लढणाऱ्या आणि आखाड्याची माती खणणाऱ्या मुलाचा होता. कुस्ती सोडल्यावर खुराक तसाच राहिलेले माजी पैलवान आणि त्यांची वाढलेली साखर, ही आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतली ओळखीची गोष्ट आहे. आणि माती सोडून मॅटवर गेलं की कुस्ती बदलते, पायाची पकड बदलते, लढत वेगवान होते. पैलवान खाशाबा जाधव १९४८च्या ऑलिंपिकमध्ये लंडनला सहावे आले आणि १९५२मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक घेऊन आले. मधल्या चार वर्षांत त्यांनी काय बदललं, हा क्रीडाशास्त्राचा प्रश्न आहे. आपण मात्र त्यांच्या गोष्टीत फक्त त्यांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी गहाण टाकलेलं घर लक्षात ठेवलं.

वजनगट हा तर या विषयातला सर्वांत निर्दय धडा. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ७ ऑगस्ट २०२४च्या सकाळी कुस्तीपटू विनेश फोगाटचं वजन ५० किलोच्या मर्यादेपेक्षा १०० ग्रॅम जास्त भरलं आणि अंतिम लढत हातची गेली. देशभर त्या दिवशी कोणाचं चुकलं यावर चर्चा झाली. शरीरातलं पाणी रातोरात किती काढता येतं, काढल्यावर रक्त, हृदय आणि डोकं यांचं काय होतं, दिवसभर लढून खाल्लं-प्यायल्यावर वजन पुन्हा किती चढतं, यावर जवळजवळ नाही. पुण्या-कोल्हापुरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुली आणि मुलं जिल्हा स्पर्धेसाठी रबरी सूट घालून धावतात, पाणी सोडतात, थुंकून थुंकून वजन उतरवतात. त्यांच्याजवळ शिकलेलं माणूस उभं असायला हवं. तिथे पदवीधराची खरी गरज आहे, मोठ्या संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये त्यानंतर.

या पुस्तकातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं प्रकरण मात्र शरीराच्या घडणीचं आहे. २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला. एक पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. उंची-वजनाच्या तक्त्यात दोघेही ठणठणीत. चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. हा नुसता विनोद नव्हता. याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास करत होते. त्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. वजन एवढं कमी असूनही चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. घट झाली होती ती स्नायूंत. वरून सडपातळ, आतून चरबीचं, असं आपलं शरीर जन्मापासून घडत येतं आणि मधुमेहाला लवकर वाट करून देतं. म्हणूनच आपल्याकडे अतिवजनाची रेषा २५ऐवजी २३वर धरतात.

व्यायामशास्त्राची जुनी पाठ्यपुस्तकं चाळली तर त्यातले प्रयोग बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या तरुण, गोऱ्या, पुरुष विद्यार्थ्यांवर केलेले दिसतात. प्राध्यापकाच्या हाताशी तेच होते. ए. व्ही. हिल हा १९२२चं नोबेल मिळवलेला शास्त्रज्ञ तर स्वतःच पाठीवर श्वासाची पिशवी बांधून गवतावर धावला आणि जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरण्याच्या क्षमतेची कल्पना त्यातून पुढे आली. धाडस मोठंच. पण तो एक इंग्रज पुरुष होता. हृदयाची कमाल गती म्हणजे २२० वजा वय, हे सूत्र प्रत्येक ट्रेडमिलवर छापलेलं असतं. ते १९७०च्या सुमारास आधीच्या काही अभ्यासांच्या आकड्यांवरून अंदाजाने ओढलेल्या रेघेतून आलं आणि एकेका माणसाच्या बाबतीत १०-१२ ठोक्यांनी सहज चुकतं. मग सातारच्या दुष्काळी भागातल्या, अर्धपोटी वाढलेल्या, पहाटे शेतातून धावणाऱ्या मुलीला हे आकडे कितपत लागू पडतात?

मुलींचा प्रश्न तर आणखी वेगळा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तात लोह नसेल तर ऑक्सिजन वाहून नेणार कोण? अशा मुलीला प्रशिक्षक ‘दम वाढव’ म्हणून आणखी फेऱ्या मारायला लावतो, तेव्हा तो आळशीपणावर नव्हे, हिमोग्लोबिनवर ओरडत असतो. मेहनतीच्या मानाने खाणं कमी पडलं की मुलीची पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात; पुरुषांनाही त्याची झळ बसते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४मध्ये या अवस्थेची दखल घेऊन तिला नाव दिलं. आपल्या मैदानांवर पाळी थांबली हे सरांना सांगायची सोय नाही, आणि कित्येक मुलींना ती थांबणं हे स्पर्धेच्या दृष्टीने सोयीचंच वाटतं.

देशी ज्ञानाबद्दल एक शब्द. सूर्यनमस्कार, मल्लखांब, नाचणीची आंबील, ताक, गूळ-शेंगदाणे, यांची नुसती आरती ओवाळणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. स्वामी कुवलयानंदांनी तसं केलं नाही. त्यांनी १९२४मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं आणि उड्डियान, नौली या क्रिया क्ष-किरणांखाली, दाबाची उपकरणं लावून तपासल्या. शंभर वर्षांपूर्वी! आज नाचणीत १०० ग्रॅममागे साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे एवढं सांगून आपण थांबतो. त्यातलं किती अंगी लागतं, भिजवून मोड आणल्यावर त्यात काय फरक पडतो, हा पुढचा प्रश्न विचारायला तयार झालेली माणसं हवीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते नव्याने करून २०१७मध्ये आपल्यापुढे ठेवले आहेत. सुरुवात करायला तेवढं भांडवल पुरेसं आहे.

आता व्यवहाराचं बोलू, कारण पालकही ही पानं वाचणार. या पदवीला खेळ आवडणं पुरत नाही. जीवरसायन, शरीररचना, यांत्रिकी, मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र यांतून सुटका नाही. मैदानावर कमी वेळ जाईल आणि रक्ताचे थेंब मोजण्यात, आकडे भरण्यात, एका चाचणीसाठी दहा जणांना पहाटे उपाशीपोटी बोलावण्यात जास्त. ज्याला फक्त खेळायचंय त्याने खेळावं. ज्याला फक्त शरीर कमवायचंय त्याने तालीम गाठावी. नोकऱ्या आहेत, पण त्या दारात चालून येत नाहीत : पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटसारख्या संस्था, क्रीडा प्राधिकरणाची केंद्रं, व्यावसायिक संघ, रुग्णालयांतले हृदयविकारानंतरच्या पुनर्वसनाचे विभाग, शाळा, जिम. सुरुवातीचा पगार इंजिनिअर झालेल्या भावापेक्षा कमीच असेल. आणि रुग्णाला पथ्य लिहून द्यायचं असेल तर नुसत्या क्रीडाशास्त्राच्या पदवीवर ते करू नये. त्यासाठी आहारशास्त्राचं रीतसर शिक्षण आणि नोंदणी लागते. प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयात जाऊन एकच गोष्ट बघा : प्रयोगशाळेतली उपकरणं वापरात आहेत, की त्यांच्यावर प्लॅस्टिकचं आवरण आहे. माहितीपत्रकातल्या फोटोंपेक्षा त्यातून जास्त कळेल.

इंग्रजीत या विषयावर भरपूर पुस्तकं आहेत. हे मराठीत यासाठी हवं होतं की ज्यांचं शरीर मोजायचं आहे आणि जे मोजणार आहेत, ते दोघे एकाच भाषेत बोलतात. वस्तादाला ग्लायकोजेन समजावून सांगता आलं नाही तर विद्यार्थ्याला ते समजलेलं नाही, असं मी खुशाल मानतो.

वाचकाला एकच विनंती. पुस्तकाचं पहिलं प्रकरण मोजमाप आणि संख्याशास्त्र यांचं आहे, आहाराचं सहावं. पहिलं टाळून सहाव्यावर उडी मारू नका.